बी.एस्सी. फिजिक्स: कोऱ्या कागदावरचा अभ्यास

बी.एस्सी. फिजिक्सला पास होणं फार अवघड नाही. जुन्या प्रश्नपत्रिका, झेरॉक्स नोट्स आणि शेवटचे पंधरा दिवस एवढ्या भांडवलावर बरेच पेपर निघतात. अडचण टीवायच्या फेब्रुवारीत कळते. आयआयटी जॅमचा, म्हणजे एम.एस्सी.च्या प्रवेशपरीक्षेचा, फिजिक्सचा पेपर समोर येतो आणि त्यात एकही 'सिद्ध करा' नसतं. तीन तास, ६० प्रश्न, आणि बहुतेक ठिकाणी काहीतरी स्वतः काढायचं. पाच सेमिस्टर जे वाचून 'समजलं' होतं, ते कोऱ्या कागदावर उतरत नाही. म्हणून या लेखात वाचण्याबद्दल कमी आणि करण्याबद्दल जास्त आहे.

विषय निवडताना

महाराष्ट्रात विद्यापीठांशी संलग्न कॉलेजांमध्ये नवीन शैक्षणिक धोरणाचा अभ्यासक्रम २०२४-२५ पासून आला, स्वायत्त कॉलेजांमध्ये त्याच्या एक वर्ष आधी. मेजर (मुख्य विषय) फिजिक्स घेतलं की मायनरचा, म्हणजे जोडविषयाचा, प्रश्न येतो. गणित मिळत असेल तर डोळे झाकून गणित घ्या. 'गणित स्कोअरिंग नाही' म्हणून दुसरं काही घेणारे टीवायला इलेक्ट्रोडायनॅमिक्स आणि क्वांटम मेकॅनिक्स या दोन्ही पेपरांत त्याची किंमत मोजतात. गणित मिळतच नसेल तर इलेक्ट्रॉनिक्स किंवा संगणक घ्या, पण गणिताचा अभ्यास घरी चालू ठेवा.

क्रेडिटचा हिशेब एकदा समजून घ्या. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे वर्गातले १५ तास, प्रॅक्टिकलचं एक क्रेडिट म्हणजे ३० तास. दोन क्रेडिटचं प्रॅक्टिकल म्हणजे सेमिस्टरला ६० तास प्रयोगशाळेत. दोन क्रेडिटच्या थिअरीच्या दुप्पट वेळ तिथे जातो, तरी 'प्रॅक्टिकलचे मार्क मिळतातच' म्हणून हेच तास सगळ्यात जास्त वाया घालवले जातात.

तीन वर्षांनंतर दोन वाटा आहेत. तीन वर्षांची पदवी आणि पुढे दोन वर्षांचं एम.एस्सी., किंवा चौथं वर्ष ऑनर्स आणि पुढे एक वर्षाचं एम.एस्सी. चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स हवं असेल तर पहिल्या सहा सेमिस्टरमध्ये ७५ टक्के लागतात. निर्णय टीवायला घ्यायचा असला तरी त्यात एफवायचे मार्क मोजले जातात, हे पहिल्या वर्षी कुणी सांगत नाही.

पहिलं लेक्चर होण्याआधीचे सहा आठवडे

बारावीनंतरच्या सुट्टीत फिजिक्सचं पुस्तक उघडू नका, गणिताचं उघडा. पहिले दोन आठवडे डेरिव्हेटिव्ह आणि इंटिग्रेशन, रोज १५ गणितं, कॅल्क्युलेटर न वापरता. चेन रूल, सबस्टिट्यूशन आणि बाय पार्ट्स हात न थांबता यायला हवं. तिसऱ्या आठवड्यात व्हेक्टर: डॉट, क्रॉस आणि घटक पाडणं. चौथ्यात कॉम्प्लेक्स नंबर, विशेषतः साइन-कोसाइनचं एक्स्पोनेन्शियल रूप, कारण पुढची सगळी ऑसिलेशन आणि एसी सर्किट त्यातच लिहिली जातात. पाचव्यात टेलर सीरिज. सहाव्यात साधी डिफरन्शियल इक्वेशन: पहिल्या ऑर्डरची, आणि स्थिर गुणांकांची दुसऱ्या ऑर्डरची.

एफवायमध्ये यात पार्शल डेरिव्हेटिव्ह, ग्रेडियंट, डायव्हर्जन्स आणि कर्ल जोडा. गोलीय निर्देशांकांत इंटिग्रेशन करताना आकारमानाच्या तुकड्यात 'आर वर्ग साइन थीटा' हा गुणक विसरणं ही टीवायपर्यंत टिकणारी चूक आहे. ती मोडायची सोपी युक्ती आहे: प्रत्येक वेळी आधी गोलाचं घनफळ काढून बघा. चार तृतीयांश पाय आर घन आलं नाही तर काहीतरी सुटलंय.

दहावीपर्यंत मराठी माध्यम असेल तर आणखी एक काम करा. त्वरण, संवेग, अपवर्तन, विभवांतर हे शब्द तुम्हाला येतात आणि त्यामागची कल्पनाही येते, फक्त नाव बदलायचं आहे. वहीच्या मागच्या पानांवर दोन रकान्यांची यादी करा. जड शब्दांपेक्षा ओळखीचे शब्दच जास्त फसवतात. 'नॉर्मल' म्हणजे इथे सामान्य नव्हे, लंब. 'मोमेंट' म्हणजे क्षण नव्हे. 'युनिफॉर्म' म्हणजे गणवेश नव्हे, सगळीकडे सारखं. शे-दोनशे शब्दांची ही यादी पहिल्या सेमिस्टरभर रोज एक-दोन शब्दांनी भरत गेली की इंग्रजी पुस्तकाची भीती मोडते. समजून घ्यायला मराठीत विचार करण्यात काहीही कमीपणा नाही, उत्तर लिहिताना इंग्रजी वाक्य बसवता आलं की झालं.

एक डेरिव्हेशन कसं करायचं

लेक्चर झालं त्याच दिवशी, तासाला तास या हिशेबाने बसायचं. वही बंद, कोरा कागद समोर. पहिली ओळ लिहायची: काय दिलंय, काय गृहीत धरलंय. मग जिथे अडेल तिथपर्यंत जायचं. अडलं की वही उघडायची, फक्त ती एक ओळ बघायची आणि पुन्हा बंद करायची. अडलेल्या जागी पेन्सिलीने खूण करा. दोन दिवसांनी तेच डेरिव्हेशन पुन्हा करताना खूण त्याच जागी आली, तर तिथलं गणित किंवा कल्पना कच्ची आहे. पाठांतर कमी पडलं असं समजून तीच ओळ घोकत बसू नका.

उत्तर आलं म्हणजे काम संपलं नाही. तीन तपासण्या करायच्या: एकक जुळतात का, टोकाच्या किमतींना उत्तर शहाणं वागतं का, आणि आकडे घातले तर काय येतं. कप्पीवरून लोंबणारी दोन वजनं घ्या. त्वरण म्हणजे वस्तुमानांची वजाबाकी भागिले बेरीज, गुणिले जी (गुरुत्वीय त्वरण). दोन्ही वजनं सारखी केली तर शून्य, एक काढून टाकलं तर जी. दोन्ही बरोबर. भाजकातही चुकून वजाबाकी लिहिली असती तर वर-खाली कटून जवळपास सारख्या वजनांनाही त्वरण जी आलं असतं आणि चूक तिथेच पकडली गेली असती.

आकडे घालण्याचा फायदा याहून मोठा आहे. डॅम्प्ड ऑसिलेटर, म्हणजे अडथळ्यामुळे हळूहळू थांबणारा झोका, सगळे शिकतात, पण फार थोडे जण त्यात आकडे घालून बघतात. वस्तुमान ०.२ किलो, स्प्रिंगचा स्थिरांक २० न्यूटन प्रति मीटर. डॅम्पिंग नसताना कोनीय वारंवारिता १० रेडियन प्रति सेकंद, म्हणजे आवर्तनकाळ ०.६३ सेकंद. आता डॅम्पिंगचा गुणांक ०.४ किलो प्रति सेकंद घ्या. तीन सेकंदांत झोका मूळच्या ५ टक्क्यांवर येतो, पण आवर्तनकाळ जेमतेम अर्धा टक्का वाढतो. म्हणजे झोका जवळपास मेला तरी त्याची लय तशीच राहते. लोलकाच्या प्रयोगात हवेचा अडथळा विचारात न घेताही जी ठीक का येतो, हे या एका गणितातून कळतं. क्रिटिकल डॅम्पिंगला, म्हणजे झोका न घेता थेट थांबायला, इथे ४ किलो प्रति सेकंद लागतात, दहापट. पुस्तकातल्या तीन आलेखांमधलं अंतर किती मोठं आहे ते तेव्हा जाणवतं.

गणितं सोडवताना उत्तर बघायची घाई करू नका. एका गणिताला किमान २० मिनिटं द्या: आकृती, दिशा, कोणता नियम लागू आणि का. २० मिनिटांनी सुटलं नाही तर पहिल्या दोन ओळी बघा आणि पुढचं स्वतः करा. पूर्ण सोडवलेलं उत्तर वाचून पुढे गेलात तर त्या गणितातून तुमच्या हाती काही राहत नाही. आठवड्यातून एकदा तिघांनी एकत्र बसून एकमेकांना फळ्यावर गणित समजावलं तर उत्तम. चौथा आला की गप्पा सुरू होतात.

प्रॅक्टिकल

इथे जरा जास्त वेळ थांबायला हवं, कारण इथेच सगळ्यात वाईट सवयी लागतात. पहिली सवय: रीडिंग कच्च्या कागदावर घ्यायची, घरी 'नीट' करायची. दुसरी: अपेक्षित उत्तरावरून उलट गणित करून रीडिंग बनवायची. दुसरी सवय पहिलीच्याच पोटातून येते. रीडिंग थेट वहीत, पेनाने लिहा. चुकलं तर एका रेघेने खोडा, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. तो 'चुकलेला' आकडा बरोबर होता, हे तासाभराने बऱ्याचदा लक्षात येतं.

प्रयोगाला जाण्याआधी दहा मिनिटं काढून एक प्रश्न सोडवा: या सूत्रातली कोणती राशी सगळ्यात जास्त चूक आणणार? साध्या लोलकाचं उदाहरण घ्या. लांबी १०० सेंमी, मोजपट्टीची चूक १ मिमी, म्हणजे ०.१ टक्का. २० आवर्तनांना ४०.१ सेकंद लागले, आणि स्टॉपवॉच दाबण्यातली चूक ०.२ सेकंद धरली तर ती ०.५ टक्का होते. सूत्रात काळाचा वर्ग आहे, म्हणून ती दुप्पट होऊन १ टक्का. जी आला ९.८२, पण लिहायचा ९.८ अधिक-उणे ०.१ मीटर प्रति सेकंद वर्ग. दशांशानंतर चार आकडे लिहिणं म्हणजे स्वतःलाच फसवणं. लांबी पुन्हा पुन्हा मोजून इथे काहीच सुधारत नाही. २० ऐवजी ५० आवर्तनं घ्या, काळामुळे येणारी चूक ०.४ टक्क्यावर येते. 'आवर्तनं २०च का घेतली?' या व्हायवातल्या प्रश्नाचं उत्तरही हेच.

पण जास्त आवर्तनं मोजता यावीत म्हणून झोका मोठा दिलात तर वेगळीच चूक शिरते. १० अंशांच्या झोक्याला आवर्तनकाळ सुमारे ०.२ टक्का वाढतो, २० अंशांना पाऊण टक्का, आणि जी त्याच्या दुप्पट प्रमाणात कमी येतो. ही चूक कितीही वेळा मोजलं तरी सरासरीत जात नाही. रँडम आणि सिस्टिमॅटिक चुकांमधला फरक व्याख्येने कळला नसेल तर इथे कळावा.

न्यूटन्स रिंग्जमध्ये, म्हणजे लेन्स आणि काचेमधल्या प्रकाशाच्या कड्यांच्या प्रयोगात, सोडियमची तरंगलांबी ५८९३ अँगस्ट्रॉमऐवजी ५७०० किंवा ६१०० आली की मुलं मायक्रोस्कोपला दोष देतात. हिशेब करून बघा. लेन्सची वक्रता त्रिज्या १०० सेंमी असेल तर दहाव्या कड्याचा व्यास ४.८६ मिमी, विसाव्याचा ६.८७ मिमी. ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोपचा लीस्ट काउंट (मोजता येणारं सगळ्यात लहान अंतर) ०.०१ मिमी, म्हणजे तिथली चूक नगण्य. खरा गुन्हेगार स्फेरोमीटर, लेन्सची वक्रता मोजायचं उपकरण. त्याच्या पायांमधलं अंतर ४ सेंमी असेल तर या लेन्सवर मधला स्क्रू फक्त ०.२७ मिमी सरकतो, आणि स्फेरोमीटरचा लीस्ट काउंटही ०.०१ मिमीच. त्रिज्येत जवळपास ४ टक्के चूक, आणि ती तशीच तरंगलांबीत उतरते: २०० अँगस्ट्रॉमहून जास्त. म्हणून स्फेरोमीटरची रीडिंग पाच-सहा वेळा, लेन्सच्या वेगवेगळ्या जागी घ्या.

याच प्रयोगातल्या बाकीच्या गोष्टी अशा. सोडियम लॅम्प आधी गुलाबीसर दिसतो, पूर्ण पिवळा व्हायला वेळ लागतो. तोवर बंद-चालू करत बसू नका. लेन्सची फुगीर बाजू खाली काचेवर टेकलेली हवी. कडी दिसतच नसतील तर ४५ अंशांची काच हलवून बघा, नव्वद टक्के वेळा तीच तिरकी असते. मध्यबिंदू काळ्याऐवजी उजळ दिसला तर बहुधा मध्ये धुळीचा कण आहे. लेन्स पुसा, पण अगदीच जमलं नाही तरी घाबरू नका. व्यासाच्या वर्गाचा कड्याच्या क्रमांकाशी आलेख काढला की रेषा शून्यातून जाणार नाही, तिचा उतार मात्र तोच राहील. कडी मोजताना एका अंकाची चूक झाली तरी उतार तोच. वजाबाकीचं सूत्र वापरण्यामागे हे कारण आहे. मायक्रोस्कोप एकाच दिशेने सरकवा. डावीकडे बाविसाव्या कड्यापर्यंत जाऊन विसाव्यावर परत या, मग उजव्या विसाव्यापर्यंत न वळता. मध्येच उलटं फिरवलं की स्क्रूचा बॅकलॅश, म्हणजे आट्यांमधली ढिलाई, रीडिंगमध्ये शिरतो.

स्पेक्ट्रोमीटर लावताना क्रम बदलू नका. आधी आयपीस क्रॉसवायरवर. मग टेलिस्कोप खिडकीतून लांबच्या झाडावर किंवा इमारतीवर, समोरच्या भिंतीवर नव्हे. मग कोलिमेटर, आणि यानंतर टेलिस्कोपच्या फोकसला हात लावायचा नाही. शेवटी टेबल लेव्हल. दोन्ही व्हर्निअर वाचा, म्हणजे स्केलचा मध्य सरकलेला असला तरी त्याची चूक कटते. एका इंचात १५,००० रेघांचं ग्रेटिंग (बारीक रेघांची काच) असेल तर सोडियमची पहिली ऑर्डर २० अंश २२ मिनिटांवर येते. आता इथे दरवर्षी होणारी चूक: कॅल्क्युलेटरवर २०.२२ टाकणं. मिनिटं म्हणजे दशांश नव्हे, २२ मिनिटं म्हणजे ०.३७ अंश. २०.२२ टाकलं की तरंगलांबी ४० अँगस्ट्रॉमने कमी येते, आणि मग बिचाऱ्या ग्रेटिंगवर संशय.

इलेक्ट्रॉनिक्समध्ये सर्किट चालत नाही तेव्हा सिद्धांत क्वचितच चुकलेला असतो. बऱ्याच मोठ्या ब्रेडबोर्डवर कडेची सप्लायची पट्टी मध्येच तुटलेली असते, ती वायरने जोडावी लागते. डायोडवरचा पट्टा म्हणजे कॅथोड. बीसी ५४७ ट्रान्झिस्टरची सपाट बाजू समोर धरली, पाय खाली, तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. ७४१ या ऑप-अँपला पिन ७ वर धन आणि ४ वर ऋण सप्लाय लागतो, आउटपुट ६ वर. दोन सप्लायचा सामाइक बिंदू ग्राउंडला जोडायचं राहिलं की आउटपुट एका टोकाला चिकटून बसतं. आणि मल्टिमीटर करंटला शून्यच दाखवत असेल तर त्याचा फ्यूज बघा: आदल्या बॅचमध्ये कुणीतरी करंटच्या रेंजवर व्होल्टेज मोजलेलं असतं.

आलेखात बिंदू जोडायचे नाहीत, रेषा काढायची. उतारासाठी रेषेवरचेच दोन लांबचे बिंदू घ्या, निरीक्षणाचे नव्हे. जर्नल त्याच आठवड्यात पूर्ण करा. सबमिशनच्या आदल्या रात्री बारा प्रयोग उतरवणाऱ्याला त्यातलं एकही व्हायवात आठवत नाही.

संगणक, थोडक्यात

एसवायपर्यंत पायथॉन शिका. त्यातल्या नमपाय आणि मॅटप्लॉटलिब या लायब्ररी, एवढं पुरे. पहिलं काम प्रयोगांचे आलेख आणि लीस्ट स्क्वेअरची रेषा. दुसरं, वरचाच ऑसिलेटर, डॅम्पिंग काढून टाकून, ऑयलरच्या पद्धतीने, म्हणजे वेळेच्या छोट्या पायऱ्या घेत, सोडवणं. पायरी ०.०१ सेकंद घेतली तर एका सेकंदात ऊर्जा २.७ पट होते, जी खरं तर बदलायलाच नको. आता एकच ओळ बदला: आधी वेग काढा आणि तो नवा वेग वापरून स्थान काढा. ऊर्जा आटोक्यात राहते. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की संगणकाचं उत्तर तपासल्याशिवाय मान्य करायचं नाही, ही सवय लागते.

सेमिस्टर परीक्षा आणि नंतर

जुन्या प्रश्नपत्रिका शेवटच्या तीन आठवड्यांत, घड्याळ लावून. उत्तरात आकृती, गृहीतकं आणि एककं लिहा. डेरिव्हेशनला पायरीगणिक मार्क असतात, अडलात तरी पुढची पायरी सोडू नका. एटीकेटी लागली तर ती गणिताच्या किंवा इलेक्ट्रिसिटीच्या पेपरला राहू देऊ नका. त्यावरच पुढची दोन वर्षं उभी असतात.

जॅमची तयारी वेगळी नसते, ती वर सांगितली तीच. फक्त पेपरची रचना ओळखीची करून घ्या. १०० मार्क, त्यात ३० प्रश्न एकच पर्याय बरोबर असलेले, १० एकाहून जास्त पर्याय बरोबर असू शकणारे, आणि २० आकडा टाकायचे. निगेटिव्ह मार्किंग फक्त पहिल्या गटात: एका मार्काला एक तृतीयांश, दोनला दोन तृतीयांश. त्यामुळे आकड्यांच्या प्रश्नांत अंदाजे उत्तरही टाकून यायचं. अर्ज टीवायच्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, परीक्षा फेब्रुवारीत. याशिवाय जेस्ट, टीआयएफआरची परीक्षा, केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी-पीजी, आणि आपल्या विद्यापीठांच्या स्वतःच्या प्रवेशपरीक्षा आहेतच. फिजिक्स शिक्षकांची संघटना आयएपीटी पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी राष्ट्रीय परीक्षा घेते. ती एसवायला एकदा देऊन बघा, निकालापेक्षा पेपरचा उपयोग जास्त.

मे-जूनची सुट्टी मोकळी घालवू नका. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा नियस उपक्रम पदवीच्या सुरुवातीच्या वर्षांतल्या विद्यार्थ्यांसाठी आहे. देशातल्या तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळी संशोधन फेलोशिप देतात. पुण्याच्या आसपास असाल तर विज्ञान दिनाच्या सुमारास नारायणगावजवळ खोडदला, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना असलेल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचं प्रदर्शन चुकवू नका. इंटरफेरन्सचा धडा एवढ्या आकारात दुसरीकडे कुठे दिसत नाही.

या उन्हाळी कार्यक्रमांच्या जाहिराती परीक्षेच्या धामधुमीत, आदल्या वर्षीच्या शेवटच्या महिन्यांपासून निघू लागतात, आणि बऱ्याच ठिकाणी शिक्षकांचं शिफारसपत्र लागतं. सरांना किंवा मॅडमना आदल्या दिवशी गाठू नका. महिनाभर आधी भेटा आणि सोबत एक पान द्या: सेमिस्टरचे मार्क, केलेला एखादा प्रयोग ज्यात चूक कुठून आली हे तुम्ही शोधलं, आणि कोणत्या विषयात काम करायचं आहे. पत्रात लिहिण्यासारखं काही त्यांच्या हातात असेल, तरच ते पत्र इतरांच्या पत्रांहून वेगळं निघतं.